नकलेची नक्कल

किल्लीमावशीला स्वतःचं यंत्र घ्यायला एकोणीस वर्षं लागली आणि ते वाकडं आहे हे कळायला सहा दिवस.

ती एकोणीस वर्षं ती थोरल्या भावाच्या दुकानात बसली होती. कुलपं विकायची, पावत्या फाडायच्या, कोऱ्या किल्ल्या खुंट्यांवर अडकवायच्या, आणि दादा जेवायला गेला की यंत्रावर किल्ल्याही कापायच्या. किल्ली कुणी कापली ह्याच्याशी गिऱ्हाइकाला देणंघेणं नव्हतं. कुलूप उघडलं म्हणजे झालं. पुढे दादाचा मुलगा नोकरी सोडून गल्ल्यावर येऊन बसला, आणि एवढ्याशा दुकानात तीन माणसं कशाला, असा विषय घरात निघाला. तिसरं माणूस कोण, हे कुणी बोललं नाही. मावशीनं दुसऱ्या दिवशी आपला डबा आणि चष्म्याचं घर उचललं आणि ती घरी आली.

घरी बसणाऱ्यातली ती नव्हती. महिन्याभरात तिनं बाजाराच्या इमारतीत जिन्याखालची जागा भाड्यानं घेतली. जागा म्हणजे काय, दोन दारांएवढी रुंदी, आणि उभं राहिलं की डोक्याला पायरी लागायची. पण समोरून सगळा बाजार ये-जा करायचा. आता फक्त यंत्र हवं होतं, आणि नवं यंत्र म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

तिचा नवरा शाळेच्या बसवर चालक होता. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी ह्यांच्यामध्ये त्याच्याकडे वेळ भरपूर आणि हातात फोन. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका ॲपवर त्यालाच ती जाहिरात दिसली. 'किल्ली कापायचं यंत्र. बंद पडलेल्या दुकानातलं. उत्तम चालू स्थितीत. तपासून दिलेलं. परत घेतलं जाणार नाही.' फोटोत यंत्र निळंशार दिसत होतं. मावशीनं चार प्रश्न विचारले, विक्रेत्यानं चारही प्रश्नांना 'हो मावशी' असं उत्तर दिलं, आणि आठवड्याभरात लाकडी खोक्यातून यंत्र जिन्याखाली येऊन पोचलं.

खोकं उघडल्यावर तिनं पहिल्यांदा बघितलं ते हे, की रंग नवा आहे आणि स्क्रू जुने. मनात आलं, माणसं म्हातारपणी केस रंगवतात, यंत्रानं अंग रंगवलं तर बिघडलं कुठे. वायर लावली. चाक गुणगुणत फिरायला लागलं. त्या दिवशी तिनं सात किल्ल्या कापल्या.

तिसऱ्या दिवशी एक जण परत आला. किल्ली लागते, पण जरा हलवावी लागते, म्हणाला. मावशीनं कानशीनं टोक घासून दिलं. चौथ्या दिवशी आणखी दोघं आले. नवं ठिकाण आहे, नवं यंत्र आहे, हात बसायला वेळ लागतोच, असं तिनं स्वतःला सांगितलं. पाचव्या दिवशी तिनं यंत्राची सगळी मापं नव्यानं लावली. आणि सहाव्या दिवशी, दुपारी साडेबाराला, भूगोलाच्या बाई धावत आल्या.

ह्या बाई दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या घरात राहायच्या. शाळेत भूगोल शिकवायच्या म्हणून सगळे भूगोलाच्या बाई म्हणायचे. घरात त्यांची आई. आईची आठवण आताशा धड राहिली नव्हती. एकदा ती घराबाहेर पडून संध्याकाळपर्यंत सापडली नव्हती, तेव्हापासून बाई औषधं आणायला अर्धा तास जरी बाहेर पडल्या तरी दाराला बाहेरून कुलूप लावायच्या. आज नव्या किल्लीनं कुलूप लावलं ते लागलं. उघडताना मात्र किल्ली अडली, बाईंनी जोर केला, आणि किल्ली आतच तुटली.

"दुसरी किल्ली?" मावशीनं पिशवीत चिमटे टाकता टाकता विचारलं.

"घरमालकाकडे. आणि घरमालक परगावी. माझी जुनी आत घरात राहिलीय. माझ्याकडे कधीच मूळ किल्ली नव्हती हो. मला दिली तीही नक्कलच होती."

मावशी दारापुढे गुडघे टेकून बसली. तुटका तुकडा खोल गेला होता. आतून आजींचा आवाज आला, "कोण आहे?"

"मीच आहे, आई."

"मग आत ये ना."

"येते. दोन मिनिटं."

 मग पुन्हा, "कोण आहे?"

असं बारा-तेरा वेळा झालं. प्रत्येक वेळी बाईंनी तेच उत्तर दिलं, तितक्याच सावकाश. तेराव्यांदा आजींचा आवाज रडवेला झाला होता.  तुकडा निघाला, मग दोन तारांनी कुलूप उघडलं. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. दार उघडलं तेव्हा आजी दाराच्या आत जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर बाहेर जायच्या चपला घेऊन.

बाईंनी दोष दिला नाही. उलट म्हणाल्या, "मीच जोर लावायला नको होता." मावशीला ते जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर काही उत्तर तरी देता आलं असतं.

जिन्याखाली परत येऊन तिनं तुटकी किल्ली जोडून भिंगाखाली धरली, शेजारी बाईंकडून मागून आणलेली त्यांची जुनी किल्ली. मानेकडच्या खाचा तंतोतंत. मधल्या खाचा ठीक. टोकाकडची खाच मात्र केसभर खोल. तिनं आणखी तीन किल्ल्या कापून पाहिल्या. प्रत्येकीचं टोक केसभर खोल.

किल्ली कापायचं यंत्र तसं साधं असतं. एका सरकत्या दांड्यावर शेजारी शेजारी दोन पकडी. एकीत मूळ किल्ली, दुसरीत कोरी. मूळ किल्लीच्या खाचांवरून एक पोलादी बोट फिरतं आणि त्याच्याच जोडीनं कोऱ्या किल्लीवर चाक फिरतं. बोट जितकं आत जाईल, तितकंच चाक आत. पण दांडाच वाकडा असला तर एका टोकाला चाक जास्त खाणार. मापाचा स्क्रू फिरवून टोक सुधारावं तर मान बिघडते, मान सुधारावी तर टोक. मावशीनं ते दोन्ही करून पाहिलं आणि मग यंत्राची वायर काढून ठेवली.

विक्रेत्याला तिनं कळवलं. उत्तर गोड आलं. 'मावशी, यंत्र एकदम चालू दिलंय. जाहिरातीत लिहिलंय, परत घेणार नाही. काळजी घ्या.'

ॲपवाल्यांकडे तक्रार केली. तिथून आधी तीन वेळा आपोआप येणारी दिलगिरी आली, आणि चौथ्या वेळी एक खरीखुरी मुलगी फोनवर आली. आवाजावरून दमलेली वाटत होती.

"मॅडम, तक्रारीची मुदत तीन दिवसांची असते. तुम्ही सहाव्या दिवशी केलीत."

"यंत्र पहिल्या दिवशी फिरत होतं. खोटं फिरतंय हे सहाव्या दिवशी कळलं."

"तुम्ही पाठवलेल्या फोटोत दोन्ही किल्ल्या मला सारख्याच दिसताहेत."

"केसाचा फरक आहे."

"मॅडम, फोटोत न दिसणाऱ्या फरकावर मी काय करू? काही ठळक पुरावा असेल तर पाठवा, मी फाइल उघडी ठेवते." आणि मग, नियमात नसलेलं एक वाक्य ती हळूच बोलली, "चार दिवस ठेवते."

नवरा रात्री जेवताना म्हणाला, "पदरी पडलं पवित्र झालं, असं समजून सोडून देऊ या का? मी जादा फेऱ्या मागून घेतो." स्वभावानं तो इतका मवाळ होता की भांडणाची चाहूल लागली तरी त्याला शिंका सुरू व्हायच्या.

"तुमच्या बसचा ब्रेक केसभर कमी लागला तर सोडून द्याल?"

तो शिंकला.

केसभराचा फरक डोळ्याला दिसायचा कसा, ह्या एकाच गोष्टीवर मावशी रात्रभर कूस बदलत राहिली. सकाळी दात घासता घासता तिला सुचलं. एक केस दिसत नाही, पण दहा केस दिसतील. दुकान उघडून तिनं यंत्राला वायर लावली, भूगोलाच्या बाईंची जुनी किल्ली घेतली आणि तिची नक्कल कापली. मग त्या नकलेची नक्कल. त्या नकलेची पुन्हा नक्कल. प्रत्येक वेळी आधीच्या किल्लीची चूक पुढच्या किल्लीत उतरायची आणि वर यंत्र आपली स्वतःची भर घालायचं. दहावी किल्ली कापून झाली तेव्हा तिच्या टोकाला दातच उरला नव्हता. चाक जवळपास आरपार गेलं होतं. दहाही किल्ल्या तिनं पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडल्या. हळूहळू कुरतडत नेल्यासारखं दिसत होतं. लहान पोरालाही कळलं असतं.

फोटो गेला. दमलेल्या आवाजाच्या मुलीनं तो विक्रेत्याला पाठवला. विक्रेत्याचं उत्तर आलं ते असं: 'यंत्रात दोष नाही. बाईंचा हात बसलेला नाही.'

हे वाक्य मावशीनं दोनदा वाचलं. एकोणीस वर्षं दादाच्या दुकानात ह्याच अर्थाचं काहीबाही तिच्या कानावर पडत आलं होतं, थट्टेत, सहज, जाता जाता. तिनं फोन पालथा ठेवला. मग नवऱ्याला बोलावून यंत्र हातगाडीवर चढवलं आणि त्या दुकानाची पायरी चढली, जिथे पुन्हा पाय ठेवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं.

दादा पेपर वाचत होता. चष्म्यावरून त्यानं आधी बहिणीकडे पाहिलं, मग हातगाडीकडे.

"तुझ्या यंत्रावर दहा किल्ल्या कापायच्यात," मावशी म्हणाली. "कोऱ्या किल्ल्या मी आणल्यात. विजेचे पैसे देईन."

"विजेचे पैसे," दादा पुटपुटला आणि बाजूला सरकला.

तिनं तोच खेळ तिथे मांडला. तीच जुनी किल्ली, तिची नक्कल, नकलेची नक्कल. दादा पेपर वाचत असल्याचं दाखवत होता, पण पान काही उलटत नव्हता. दहावी किल्ली झाल्यावर मावशीनं ती पहिलीवर ठेवली. दोघी एकमेकींवर अशा बसल्या की एकच वाटावी. मग तिनं त्या कुरतडलेल्या दहा किल्ल्या शेजारी मांडल्या. दादानं पेपर घडी करून ठेवला. दोन्ही ओळी बराच वेळ पाहिल्या. उठून हातगाडीपाशी गेला, वाकला, सरकत्या दांड्याच्या टोकावर बोट फिरवलं. तिथे एक गोल स्टिकर होता, 'तपासलेलं' असं छापलेला. दादानं नखानं त्याची कड उचकटली आणि तो सबंध सोलून काढला. खाली लोखंडात चांगली अंगठ्याएवढी पोच होती.

"पडलंय हे," तो म्हणाला. "उंचावरून पडलंय. तुझ्या हाताला काही झालेलं नाही."

मावशीनं पर्समधून दोन तारा काढल्या. 

"मी सांगतो ते कर," दादा पुढे म्हणाला. "स्टिकर परत लाव. त्यानं जशी जाहिरात दिली तशीच तू दे. घेईल कुणीतरी. तुझं नुकसान निघून येईल, आणि एवढं कोण तपासतंय."

"आणि जो घेईल त्याच्याकडून किल्ली कापून घेणारी बाई?"

"कोण बाई?"

"असेल कुणीतरी. तिचीही आई असेल आत." ती दोन्ही ओळी वेगवेगळ्या तारांत ओवायला लागली. "स्टिकर दे इकडे. तो मला लागणार आहे."

दादानं स्टिकर दिला. विजेचे पैसे तिनं गल्ल्यावर ठेवले होते ते त्यानं परत केले नाहीत, तो तसलाच होता. पण हातगाडी पायरीवरून उतरवायला हात मात्र लावला.

ॲपवाल्यांचा शेवटचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. दोन्ही पक्षांनी आपसात मिटवावं. मात्र मिटल्याचं ग्राहक स्वतः लिहून देईपर्यंत विक्रेत्याच्या पानावर 'तक्रार प्रलंबित' अशी लाल पट्टी राहील. ती पट्टी म्हणजे त्या दमलेल्या मुलीची कृपा असावी, असं मावशीला वाटलं. पट्टी लागली तशी त्याच संध्याकाळी विक्रेत्याचा फोन आला, आणि त्याचा आवाज आता नुसता गोड नव्हता, त्यात साखर पेरलेली होती.

"मावशी, दोन ओळी लिहून टाका ना. निम्मे पैसे आत्ता पाठवतो."

"तुम्ही दुकानात कधी असता?" मावशीनं विचारलं.

"कशाला?"

"मी येते."

रविवारी नवऱ्यानं ओळखीच्याचा टेम्पो आणला. खोक्यावरच्या पत्त्यावरून ते जिथे पोचले ते दुकान नव्हतं, शटरचं गोदाम होतं. आत बंद पडलेल्या दुकानांचा संसार दाटीवाटीनं उभा होता. फ्रिज, वजनकाटे, दातांच्या डॉक्टरची खुर्ची, कपड्यांच्या दुकानातले हात नसलेले पुतळे, आणि जिकडे तिकडे तेच गोल स्टिकर. विक्रेता पस्तिशीचा, अंगानं भरलेला, कानामागे पेन. त्यानं पाण्याचे दोन ग्लास पुढे केले. माणूस वाईट दिसत नव्हता, आणि मावशीला त्याचाच राग आला.

त्यांनी यंत्र टेबलावर ठेवलं. मावशीनं शेजारी दोन तारा ठेवल्या. "ह्या दहा तुमच्या यंत्रावरच्या. ह्या दहा माझ्या भावाच्या यंत्रावरच्या. हात दोन्हीकडे हाच." तिनं उजवा हात टेबलावर ठेवला.

त्यानं किल्ल्या पाहिल्या. एक नजर टाकून बाजूला सारल्या. "मावशी, सरळ एक किल्ली कापून बघू ना. माझ्या समोर."

"तुम्हीच कापा. तुमच्या शटरच्या कुलपाची."

त्यानं वायर लावली. हात सराईत नव्हता, पण किल्ली कापली गेली. तो शटरपाशी गेला, कुलपात किल्ली घातली, फिरवली. कुलूप उघडलं.

"बघा," तो म्हणाला. वजनकाटा बघायला आलेलं एक जोडपं कोपऱ्यात उभं होतं, त्यांच्याकडेही त्यानं एकदा पाहिलं. "चालू आहे."

मागून नवऱ्याची शिंक ऐकू आली.  कुलूप जुनं होतं, ढिलं होतं, कुठलीही किल्ली पोटात घेणारं. पण मावशी जागची हलली नाही.

"आता ह्या किल्लीची किल्ली कापा."

"नकलेची नक्कल कोण करतं?"

"सगळे करतात," मावशी म्हणाली. "माझ्याकडे येणाऱ्या माणसाजवळ मूळ किल्ली कधी असते का? मूळ किल्ली घरमालकाकडे. भाडेकरूजवळ नक्कल. नवऱ्यासाठी तिची नक्कल, कामवाल्या बाईसाठी नवऱ्याच्या किल्लीची नक्कल. किल्ली माझ्या हातात येते तेव्हा तिच्या तीन पिढ्या होऊन गेलेल्या असतात. कापा तुम्ही."

त्यानं दुसरी कापली. ती अडत अडत उघडली. तिसरी कापली. ती फिरलीच नाही. जोर करायला लागला तेव्हा मावशी शांतपणे म्हणाली, "तुटेल हां. आणि मग तो तुकडा मलाच काढावा लागेल."

त्यानं हात काढून घेतला. मावशीनं पर्समधून दुमडलेला स्टिकर काढला, टेबलावर सपाट केला आणि यंत्राच्या दांड्यावरच्या पोचेपाशी बोट ठेवलं. "हे 'तपासलेलं' इथे चिकटवलं होतं. बरोब्बर इथे. एवढ्या मोठ्या यंत्रावर दुसरी जागा सापडली नाही?"

जोडपं आता वजनकाट्याकडे बघत नव्हतं. विक्रेता त्यांच्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही जरा नंतर या." ते गेले नाहीत, नुसते एका फ्रिजमागे सरकले.

बराच वेळ तो कानामागचं पेन काढून टोपण उघडत-मिटत राहिला. मग म्हणाला, "टेम्पोतून उतरवताना पडलं. मी आणि माझा भागीदार उतरवत होतो. मी वायर लावून पाहिली, चाक फिरत होतं. म्हटलं, चालू आहे."

"चाक फिरतं म्हणजे चालू?"

"मला काय कळतं मावशी किल्ल्यांमधलं."

"मग 'तपासलेलं' कशाला लिहिलंत?"

त्यानं पेन पुन्हा कानामागे खोचलं. पैसे सगळे परत करायला मात्र तो तयार होईना. ते पुढच्या मालात अडकले, निम्मे देतो, आत्ता देतो. नवरा मावशीच्या कानाशी लागला, "निम्मे म्हणजे काही कमी नाही, अगं." मावशीनं तिथली एक फिरती खुर्ची ओढली आणि ती खनपटीला बसली. आवाज चढवला नाही, रडली नाही. गोदामात येणारी-जाणारी माणसं तिच्याकडे बघत होती. एकानं खुर्चीची किंमत विचारली, तेव्हा ती म्हणाली, "आधी तपासून घ्या," आणि तो पुढे गेला.

तासाभरानं विक्रेता स्वतःच समोर येऊन उभा राहिला. "ज्या बंद दुकानातून हे आणलं, तिथे अशी दोन यंत्रं होती. दुसरं आत आहे. त्याची मोटर जळलीय, म्हणून विकलं नाही. बघता का?"

मावशी उठली. पुतळ्यांच्या मागे, धुळीनं माखलेलं, मूळच्या करड्या रंगातलं तेच यंत्र होतं. तिनं ओढणीच्या टोकानं दांडा पुसला, डोळ्याच्या पातळीवर आणला, एक डोळा मिटून पाहिला. दांडा सरळ होता.

"पाने आहेत का?"

"मी माणूस बोलावतो मावशी."

"माणूस आलेला आहे. पाने द्या."

दोन तास ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. करड्या यंत्राचा दांडा आणि पकडी काढल्या, निळ्यावर चढवल्या. एक स्क्रू गंजून बसला होता, त्यानं अर्धा तास खाल्ला. नवरा एकेक नट काढलेल्या क्रमानं रुमालावर मांडत होता, आणि विक्रेता पत्र्याच्या डब्यावर बसून विजेरी धरत होता. मग तिनं मापं लावली आणि त्याच्या शटरच्या मूळ किल्लीपासून सुरुवात केली. नक्कल, नकलेची नक्कल.  दहावी किल्ली तिनं विक्रेत्याच्या हातात दिली. तो शटरपाशी गेला. किल्ली गेली, फिरली, कुलूप उघडलं. त्यानं ते बंद करून पुन्हा उघडलं, मग पुन्हा एकदा.

"आता लिहा," मावशी म्हणाली.

"तुम्ही लिहायचं आहे ना, मिटलं म्हणून."

"माझं मी नंतर लिहीन. आधी तुम्ही त्यांना लिहा, काय झालं होतं ते."

त्यानं फोनवर टाइप केलं आणि वाचून दाखवलं. 'काही गैरसमज झाला होता, तो दूर झाला आहे.'

"मला गैरसमज झाला नव्हता."

'यंत्रात किरकोळ त्रुटी होती.'

"किरकोळ नको."

'यंत्रात त्रुटी होती, ती माझ्या लक्षात आली नाही.'

"पोच लक्षात आली नाही, आणि स्टिकर चिकटवायची जागा लक्षात आली?"

हे शब्दांचं भांडण पाऊण तास चाललं. पैशांपेक्षा त्याला ह्या एका वाक्याची जास्त किंमत मोजावी लागत होती, हे दिसत होतं, आणि मावशीला ते दिसत असूनही ती तसूभर सरकली नाही. शेवटी गेलं ते असं: 'यंत्र माझ्याकडून पडलं होतं. ते मी ग्राहकाला सांगितलं नाही. दोष ग्राहकाच्या हातात नव्हता.' तिसरं वाक्य त्यानं आपणहून लिहिलं. मावशीनं ते मागितलं नव्हतं.

पैशांचं म्हणाल तर वाया गेलेल्या कोऱ्या किल्ल्यांचे आणि टेम्पोचे तिनं घेतले, बाकी सोडले, कारण यंत्र आता खरंच चालत होतं. निघताना तिनं मिटल्याच्या दोन ओळी फोनवर लिहून दिल्या आणि वाकडा दांडाही पिशवीत घातला.

"तो राहू द्या ना," विक्रेता म्हणाला. "सुटा भाग म्हणून जाईल."

"म्हणूनच नेतेय," मावशी म्हणाली. वाटेत भंगाराच्या दुकानापाशी टेम्पो थांबवून तिनं समोर उभं राहून तो दोन तुकड्यांत कापून घेतला.

घरी पोचल्यावर नवऱ्याला वाटलं, झालं, मिटलं. पण मावशी वही उघडून बसली. त्या सहा दिवसांत वाकड्या यंत्रावर तिनं एक्केचाळीस किल्ल्या कापल्या होत्या. एक्केचाळीस घरांची, कपाटांची, गोदामांची कुलपं, आणि कुठलं कधी अडेल सांगता येत नव्हतं. भूगोलाच्या बाईंची किल्ली तिनं पहिली कापली आणि स्वतः नेऊन दिली. आजींनी दार उघडल्यावर विचारलं, "कोण आहे?" मावशी म्हणाली, "किल्लीवाली." "मग आत ये ना," आजी म्हणाल्या, आणि ती आत जाऊन चहा पिऊन आली.

मग तिनं जिन्याखाली पुठ्ठ्याची पाटी लावली. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत इथून किल्ली नेलेल्यांनी ती परत आणावी, नवी फुकट करून मिळेल, जुन्या किल्लीत चूक आहे. दादा मुद्दाम पाटी बघायला आला.

"स्वतःची चूक स्वतःच टांगून ठेवतेस? धंदा करायचाय की नाही?"

"करतेय की," मावशी म्हणाली आणि चाक सुरू केलं.

महिन्याभरात एकतीस किल्ल्या परत आल्या. काही जण पाटी वाचून आले, काहींना तिनं फोन केले, एका धोब्याला तर तिनं रस्त्यात गाठून खिशातला जुडगा काढायला लावला. दहा राहिल्या. त्या दहा माणसांची नावं वहीत नव्हती, चेहरेही नीट आठवत नव्हते. पाटीची शाई उन्हानं उडायला लागली, तेव्हा मावशीनं जाड पेनानं अक्षरं पुन्हा गिरवली.

फुकट म्हटल्यावर हौशी लोकही यायचेच. एका दुपारी एक गृहस्थ आले आणि मोठ्या रुबाबात त्यांनी किल्ली पुढे केली. "ही तुमच्याकडचीच. चूक आहे म्हणे."

मावशीनं ती भिंगाखाली धरली, उलटी केली, टोकावरून बोट फिरवलं.

"ही माझी नाही," ती म्हणाली. "माझ्या चुका मी ओळखते. ही दुसऱ्या कुणाची आहे. पण हीही चुकलेलीच आहे. पैसे पडतील, करून देऊ का?"

गृहस्थ जरा घुटमळले, मग खिशात हात घातला. मावशीनं खुंटीवरून कोरी किल्ली काढली.